विकत घेतलेल्या गेममध्ये बॅनऐवजी काय? विदर्भातल्या गावातून शिक्षेच्या पद्धतींचा आढावा

हजार-दोन हजार रुपये मोजून गेम घेतला आणि महिनाभरात अकाउंट बॅन झालं, तर ते पैसे गेले असंच समजायचं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करायची मुदत खरेदीपासून १४ दिवस, त्यातही खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत हवा. आणि व्हॅक, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीची चीट (फसवेगिरीचं सॉफ्टवेअर) पकडणारी यंत्रणा, हिने बॅन केलं असेल तर त्या गेमचे पैसे परत मागायचा हक्कच संपतो. चीट वापरणाऱ्याची बाजू घेण्याचं कारण नाही. पण मॅच नासवणारे सगळेच चीटर नसतात. कोणी माइकवर शिव्या देतो, कोणी आपल्याच साथीदाराला गोळी घालतो, कोणी हरायला लागला की उठून जातो. या सगळ्यांवर बॅन हे एकच हत्यार चालवलं तर वांधा होतो, कारण आपल्याकडे एका अकाउंटवर बहुधा एकटाच पोट्टा खेळत नसतो. घरात कॉम्प्युटर एक, अकाउंट एक आणि खेळणारे सख्खे-चुलत मिळून तिघे-चौघे. धाकट्याने माती खाल्ली की थोरल्याचा गेम जातो.

कंपन्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत बॅनच्या अलीकडच्या बऱ्याच शिक्षा काढल्या आहेत. त्या इथे दोन कसोट्यांवर तपासल्या आहेत. मॅचमधला त्रास खरोखर कमी होतो का, ही पहिली. लाइन गेल्यामुळे मॅचमधून पडलेल्या पोराला ती विनाकारण बसते का, ही दुसरी, आणि विदर्भातल्या गावात हीच जास्त महत्त्वाची. (पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले, त्यांचा इथे संबंध नाही. हा आढावा एकदा विकत घेऊन खेळायच्या गेमचा आहे. एखाद्या फुकट गेमचा उल्लेख येईल तो त्याची पद्धत इतरांनी उचलली म्हणून.)

काही वेळ बाहेर बसवणं

सगळ्यात जास्त वापरली जाणारी शिक्षा हीच. काउंटर स्ट्राइकमध्ये, म्हणजे प्रीमियर हा रँकचा प्रकार खेळण्यासाठी पैसे भरून प्राइम दर्जा घ्यावा लागतो त्या गेममध्ये, तिचं नाव कूलडाउन. चढती भाजणी अशी: पहिल्यांदा ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास, मग थेट ७ दिवस. आठवडाभर नीट खेळलं की एक पायरी खाली येते. मॅच अर्धवट सोडणं, साथीदारांना मारणं, टीमने मत देऊन वारंवार बाहेर काढलेलं असणं, यातलं काहीही तिला पुरतं.

कागदावर ही पद्धत चोख आहे. पहिली शिक्षा हलकी, चुकेल त्याला सुधारायला वाव, पैसे सुरक्षित. घोळ होतो तो मॅच सोडली हे ठरवण्याच्या वेळेत. कनेक्शन तुटल्यावर परत यायला साधारण ३ मिनिटं मिळतात. डोटा २ या फुकट गेममध्ये ही मुदत ५ मिनिटांची आहे आणि तिथे मॅच पॉज करायचीही सोय आहे. आता गावातला हिशेब मांडा. लाइन गेली आणि दोन मिनिटांनी आली, तरी फायबरचा ओएनटी (घरातला इंटरनेटचा डबा) चालू होऊन सिग्नल धरायला दीड ते तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला, तरी स्टीम उघडणं, गेम उघडणं, मॅचमध्ये परत शिरणं यात आणखी दीड-दोन मिनिटं जातात. जुनी हार्ड डिस्क असेल तर बोलायलाच नको. तीन मिनिटांत हे बसत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर एकदम लागतात, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो आणि एकाच रात्री तीनदा लाइन जाऊ शकते. म्हणजे कोणाला एक शिवी न देता पोरगा तिसऱ्या पायरीवर, २४ तास बाहेर.

हरणारी मॅच सोडून पळालेला आणि अंधारात बसलेला यांत यंत्रणा फरक करत नाही. दोन्हीकडे एवढंच मोजलं जातं की खेळाडू मुदतीत परत आला नाही. फरक करायचा तर धागेदोरे उपलब्ध आहेत: खेळाडूने स्वतः बाहेर पडायचं बटण दाबलं की जोडणी अचानक तुटली, त्या वेळी स्कोअर काय होता, आधीच्या पन्नास मॅच पूर्ण केल्या आहेत का. हे तिन्ही कंपनीच्या हातात असतं. पहिल्या पायरीवर तरी ते वापरून सवलत द्यायला हवी. सध्याच्या रूपात या पद्धतीला पाचपैकी अडीच.

सपोर्टकडे अर्ज करून कूलडाउन काढून घेण्यात वेळ घालवू नका. महावितरणचा खंडित पुरवठ्याचा एसएमएस जोडला तरी उपयोग होत नाही. ती मुदत माणूस ठरवत नाही, यंत्रणा ठरवते. तोच वेळ आणि थोडा पैसा घरातल्या विजेच्या मांडणीवर घातला तर बहुतेक कूलडाउन टळतात. त्याचा तपशील नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चुकीची वस्तू घेतात.

सगळ्यात आधी राउटर. ओएनटीचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. त्याच्या जागी लागणारा छोटा राउटर-यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. घेताना तीन गोष्टी पाहायच्या: व्होल्टेज तेवढंच आहे ना, अँपिअर मूळ अडॅप्टरइतके किंवा जास्त आहेत ना, आणि पिन बसते ना. ओएनटी आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो. एकालाच दिला तर काही फायदा नाही.

मग कॉम्प्युटर. घरच्या इन्व्हर्टरवर मागे एक बटण असतं: यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मल मोडमध्ये लाइनवरून बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. पंखा-दिवा चालतो म्हणून हे लक्षात येत नाही. यूपीएस मोडवर टाकलं की तो प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन असूनही बॅटरीवर उतरतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज तेवढं पडतंच. बॅटरी लाइन असतानाच संपत जाते आणि खरी लाइन जाते तेव्हा ती रिकामी असते. म्हणून इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर ठेवून फक्त कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावणं बरं. ग्राफिक्स कार्डवाल्या कॉम्प्युटरला तो काही मिनिटंच पुरतो. इन्व्हर्टरने भार घेईपर्यंत तेवढं बास. अट एक आहे: इन्व्हर्टर साइनवेव्ह हवा. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरची वीज बरेच छोटे यूपीएस ओळखत नाहीत, बॅटरीवरच राहतात आणि थोड्या वेळाने बंद पडतात.

फायबरच तुटली असेल, रस्त्याच्या खोदकामात तुटतेच, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करायचं. कॉम्प्युटर आणि गेम सुरू असेल तर हे अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं आणि तीन मिनिटांत मॅचमध्ये परतता येतं. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ, वाढेल, पण मॅच वाचेल. शेतात राहणाऱ्यांचं घर शेतीपंपाच्या फीडरवर असेल तर थ्री-फेजची पाळी बदलायची वेळ माहीत असतेच. त्याआधी पाऊण तासात रँक्ड (क्रमवारीची) मॅच सुरू करू नये.

तोंड बंद करणं

शिव्या देणाऱ्याला यापेक्षा चांगला इलाज अजून निघालेला नाही. काउंटर स्ट्राइकने २०२० मध्ये आणलेली पद्धत अशी होती: ज्याच्याविरुद्ध इतरांपेक्षा खूपच जास्त तक्रारी येतात त्याला आधी सूचना, तरी सुधारला नाही तर तो सगळ्यांसाठी आपोआप म्यूट. ज्याला ऐकायचं असेल तो हाताने अनम्यूट करू शकतो. पुरेसे अनुभवगुण कमावले की शिक्षा संपते. खेळायला बंदी नाही, पैसे बुडत नाहीत, आणि समोरच्याच्या कानाला त्रास नाही.

डोटा २ ने २०२३ मध्ये वागणुकीचा गुण आणि बोलण्याचा गुण वेगळे केले, दोन्ही १२,००० पैकी. हे फार महत्त्वाचं पाऊल आहे. चांगलं खेळून तोंडाने वाईट असलेला आणि गोड बोलून मुद्दाम हरवणारा हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच गोळी देऊन चालत नाही. दुसरी कसोटी इथे पूर्ण उतरते: लाइन गेल्याने कोणाचं बोलणं बिघडत नाही.

कच्चा दुवा तक्रारींचा. चार जणांची टोळी एका टीममध्ये असली आणि पाचवा कोणी नको असला की चारही जण मिळून तक्रार ठोकतात. म्हणून एकाच मॅचमधल्या, एकत्र आलेल्या खेळाडूंच्या तक्रारी एकच धरायला हव्यात. दुसरं, काउंटर स्ट्राइकसारख्या गेममध्ये बोलणं म्हणजे खेळाचाच भाग. बॉम्ब कुठे आहे हे सांगता आलं नाही तर टीमचं नुकसान होतं. यावर उपाय गेममध्येच आहे: पिंग (इथे अर्थ बटण दाबून जागा दाखवणं) आणि ठरलेल्या सूचना. म्यूट झालेल्याला त्या चालू राहिल्या पाहिजेत. ज्या गेममध्ये म्यूटबरोबर पिंगही जातं, तिथे शिक्षा एकाला आणि भुर्दंड चौघांना.

पाचपैकी साडेचार. घरात लहान पोरं खेळत असतील तर कोणाच्या शिक्षेची वाट न पाहता सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी खेळाडूंचा आवाज बंद आणि मित्रांचा चालू करून ठेवावा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि कुठल्याही यंत्रणेपेक्षा जास्त उपयोगी.

वाईटांना वाईटांतच खेळवणं

कल्पना ऐकायला झकास वाटते, पण हिचे निकाल सगळ्यात उलटसुलट. २०१४ च्या टायटनफॉलने चीटरांना गेममधून काढलं नाही. त्यांना फक्त एकमेकांशीच खेळता येईल असं केलं. सोबत एक पोटनियम: चीटर मित्राने बोलावल्यावर तुम्ही त्याच्या गटात गेलात तर तुम्हीही त्या खेळापुरते त्याच कोंडवाड्यात. हा नियम गावात चालण्यासारखा आहे, कारण इथे कोण काय वापरतो ते सगळ्यांना माहीत असतं. आपली मॅच खराब होते म्हटल्यावर मित्रच त्याला सांगतात, बावा, ते काढ आधी, मग ये.

फॉल गाइजने २०२० मध्ये, तो तेव्हा विकतचा होता, अशीच चीटर आयलंड केली आणि ती फसली. कारण समजून घेण्यासारखं आहे. एका खेळाला डझनांनी खेळाडू लागतात. एका प्रदेशात, एका वेळी तेवढे चीटर मिळाले नाहीत तर त्यांचा खेळ सुरूच होत नाही. मग ते साध्या मित्रांच्या गटात घुसून बाहेर यायला लागले. शेवटी कंपनीने वेगळी चीटविरोधी यंत्रणा बसवली. शिकायचं ते हे की वेगळी रांग मोठ्या गर्दीच्या गेममध्येच टिकते. रात्री अकराला मुंबईच्या सर्व्हरवर ज्या गेमला नीट मॅच मिळत नाही, तिथे त्याचीही दोन तुकड्यांत वाटणी केली तर चांगल्यांनाही मॅच मिळायची नाही.

जीटीए ऑनलाइनची बॅड स्पोर्ट लॉबी याच जातीची. दुसऱ्यांच्या खासगी गाड्या फोडत राहिलं की पात्राच्या डोक्यावर टोकदार टोपी येते आणि तुमच्यासारख्याच खेळाडूंमध्ये रवानगी होते. पहिल्या वेळी मुदत दोन दिवसांची, पुढे वाढत जाते. त्याहून चांगला भाग कमी लोकांच्या लक्षात येतो: ज्याची विमा असलेली गाडी फोडली, त्याच्या विम्याचा खर्च फोडणाऱ्याच्या खात्यातून जातो. नुकसान केलं त्यानेच भरून द्यायचं. गेममधल्या पैशांत अशी भरपाई घेण्याची पद्धत इतक्या थोड्या गेमनी उचलली याचं नवल वाटतं.

डोटा २ ची लो प्रायॉरिटी रांग मात्र आपल्याला सोसण्यासारखी नाही. तिथून सुटायला ठरावीक मॅच, जास्तीत जास्त पाच, जिंकाव्या लागतात. त्या रांगेत भरती कोणाची? मॅच सोडून पळणाऱ्यांची. त्यांच्यातला एक परत पळाला की तुमची मॅच हरली आणि सुटका लांबली. लाइन जाणाऱ्या पोराने त्या रांगेत रात्री काढणं हा अन्याय आहे. जिंकण्याऐवजी पूर्ण केलेली मॅच मोजली असती तर हीच शिक्षा चांगली झाली असती.

ज्याचा त्रास त्यालाच

रेनबो सिक्स सीजचा या बाबतीतला नंबर पहिला. (२०२५ पासून त्याचा काही भाग फुकट आहे, रँक्डसाठी मात्र विकतचीच आवृत्ती लागते.) साथीदाराला मारलं की मेलेल्या खेळाडूला विचारलं जातं, हे चुकून झालं की मुद्दाम? मुद्दाम म्हटलं की मारणाऱ्यावर उलटा मारा चालू: पुढे तो साथीदारावर गोळी झाडेल तर ती त्यालाच लागते. २०१९ पासूनची ही सोय आहे. शिक्षा त्याच मॅचमध्ये, त्याच कृत्याला, आणि फिर्यादीच्या शब्दावर. कूलडाउन लागतो तो पुढच्या मॅचना. इथे पुढच्या क्षणाला त्रास थांबतो. ग्रेनेडच्या तडाख्यात साथीदार सापडणं ही खरी चूक असू शकते, तेव्हा समोरचा माफ करू शकतो. पाचपैकी पाच.

याच गेमने २०२३ मध्ये कन्सोलवर माउसट्रॅप आणलं. कन्सोलच्या कंट्रोलरआड यंत्र लावून माउस-कीबोर्ड चालवणाऱ्याला गेम बाहेर काढत नाही. त्याच्या बटणांना हळूहळू उशीर लावतो. यंत्र काढलं की काही मॅचनंतर उशीर जातो. गैरफायदाच काढून घेतला की बॅनची गरज उरत नाही. अपंगत्वामुळे ज्यांना वेगळं उपकरण लागतं त्यांना मात्र सपोर्टशी आधी बोलावं लागतं, हा त्यातला काटा आहे.

कॉल ऑफ ड्यूटीच्या रिकोशे या चीटविरोधी यंत्रणेने २०२२ मध्ये चीटरांवर असेच डाव टाकले: आधी त्यांच्या गोळ्यांचा मार कमी केला, मग समोरचे खेळाडू त्यांना दिसेनासे केले, मग हातातली बंदूकच काढून घेतली. तेवढ्यात कंपनी त्या चीटचा अभ्यास करते आणि शेवटी बॅन करतेच. चालू मॅच वाचवायला ही पद्धत उत्तम, पण तिला बॅनचा पर्याय म्हणता येणार नाही.

टाळणं आणि शाबासकी

ओव्हरवॉचने २०१६ मध्ये नको असलेला खेळाडू टाळायचं बटण दिलं आणि लगेच काढून टाकलं. विडोमेकर हे पात्र घेऊन अप्रतिम खेळणाऱ्या एकाला इतक्या लोकांनी टाळलं की त्याला मॅचच मिळेना. दोष एवढाच की तो चांगला खेळत होता. २०१८ मध्ये बटण परत आलं ते फक्त साथीदार म्हणून टाळण्यापुरतं आणि एका वेळी मोजक्याच जणांपुरतं. हे योग्य झालं. त्याच वर्षी आलेली शाबासकीची सोयही चांगली, पण ओळखीचे पोट्टे एकमेकांना वाटत बसतात.

अकाउंट वाटून घेणाऱ्या घरांसाठी

स्टीम फॅमिलीमध्ये सहा जणांपर्यंत गेम वाटता येतात. नियम नीट वाचा: तुमच्या मालकीच्या गेममध्ये कुटुंबातल्या दुसऱ्याने चीट केली आणि तो बॅन झाला, तर त्या गेमपुरते तुम्हीही बॅन. म्हणून ज्याच्यावर भरवसा नाही त्याला त्या गटात घेऊ नये, मग तो चुलतभाऊ असला तरी. तालुक्याच्या गेमिंग पार्लरमध्ये आपलं विकतचं अकाउंट उघडण्याआधी मालकाला विचारा की त्या कॉम्प्युटरवर कुठल्या गेमची बंदी बसली आहे का. काही गेम यंत्रालाच बॅन करतात, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं ओझं तुमच्या अकाउंटवर येऊ शकतं.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

माइनक्राफ्ट जावा विकत घेऊन गावातली पोरं मिळून सर्व्हर चालवतात, तिथे शिक्षा देणारे तुम्हीच. पहिल्याच दिवशी व्हाइटलिस्ट (यादीतल्यांनाच प्रवेश) चालू करा आणि कोअरप्रोटेक्ट हा प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवा. कोणी कुठला ब्लॉक कधी फोडला याची नोंद तो ठेवतो, पण बसवल्यापासूनचीच. घर फुटल्यावर बसवून काही हाती लागत नाही. नासधूस झाली की खेळाडूचं नाव, मागचे किती तास आणि किती ब्लॉकची त्रिज्या एवढं दिलं की तेवढं काम उलटवता येतं. आधी लुकअप (नोंद पाहणं) करून खात्री करा, मगच रोलबॅक (काम उलटवणं). त्रिज्या कमी दिली तर लांबचं नुकसान तसंच राहतं.

घर परत उभं राहिलं की फोडणाऱ्याला हाकलायची घाई लागत नाही. इसेन्शियल्स या प्लगइनमध्ये म्यूट, ठरावीक वेळेचा तुरुंग आणि ठरावीक मुदतीची बंदी, तिन्ही आहेत. पहिल्यांदा तासाभराचा तुरुंग, दुसऱ्यांदा ब्लॉक फोडायची परवानगी आठवडाभर काढून घ्यायची. लक्‌पर्म्स या परवानग्यांच्या प्लगइनमध्ये त्यासाठी मुदतीचा गट करता येतो. सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये स्पॉनभोवती, म्हणजे नवा खेळाडू उतरतो त्या जागेभोवती, १६ ब्लॉकचं संरक्षण असतं, पण कोणालाच ऑप (सर्व्हरचा कारभारी) केलेलं नसेल तर ते लागू होत नाही. आणि आयपी पत्त्यावर बंदी कधी घालू नका. मोबाइल डेटावर अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता एकच असतो. एकाला अडवायला जाल आणि अर्ध्या गावाचा सर्व्हर बंद होईल.